वाचकांचे प्रश्न : घरचं एडिटिंग, घरची डीव्हीडी

या वेळी बहुतेक पत्रं लग्न-मुंजीच्या शूटिंगवरचीच आहेत. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलाच्या मुंजीचं मोबाइलवर ४० मिनिटं सलग शूटिंग केलं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर सुरुवातीला आवाज जुळतो, पण शेवटी शेवटी गुरुजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागून ऐकू येतो. फोनवर तीच फाइल बरोबर चालते. – वाचक, सांगली

उत्तर : फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच राहिला असता, तर आवाजाचा ट्रॅक थोडा सरकवून काम झालं असतं. तुमचा फरक वाढत जातो, म्हणजे गडबड वेगात आहे. ट्रॅक कितीही सरकवलात तरी एक टोक जुळेल आणि दुसरं सुटेल.

मोबाइल सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम टिपत नाही. मांडवात उजेड कमी झाला किंवा फोन तापला, की फ्रेम कमी पडतात, नंतर पुन्हा वाढतात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि फोन ते वाचतो, म्हणून तिथे सगळं जुळतं. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर, त्यातही जुनी, ते न वाचता सरळ फ्रेम मोजतात. समजा सरासरी २९.९ फ्रेम पडल्या. ४० मिनिटांत ७१,७६० फ्रेम झाल्या. सॉफ्टवेअरने त्या सेकंदाला ३० या हिशेबाने दाखवल्या, तर चित्र २,३९२ सेकंदांत संपतं. आवाज मात्र पुरे २,४०० सेकंद चालतो. शेवटाला ८ सेकंदांची तफावत आली ती इथून.

मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं, की खात्री झाली. मग एडिटिंगला हात लावण्याआधी मूळ फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून घ्या. ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेमरेट २९.९७ ठेवा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. तयार प्रीसेटमध्ये बहुधा ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं, तर तासभर कॉम्प्युटर चालवूनही फाइल व्हेरिएबलच राहते आणि लोक हँडब्रेकला नावं ठेवतात. क्वालिटीचा आकडा आरएफ १६ ते १८ ठेवा (आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी). आवाज ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा, कारण डीव्हीडीला तोच लागतो.

फ्रेमरेट २५ न सांगता २९.९७ सांगितला, त्याला कारण आहे. ३० फ्रेमचं शूटिंग २५ वर आणताना सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्याव्या लागतात आणि कॅमेरा फिरताना चित्र गचके खातं. त्यापेक्षा अशा शूटिंगची डीव्हीडी सरळ एनटीएससीमध्ये (अमेरिकेतली, सेकंदाला २९.९७ फ्रेमची टीव्ही-पद्धत) बनवा. आपल्याकडे २५ फ्रेमची पाल पद्धत चालते हे खरं, पण इथले प्लेअर आणि टीव्ही सहसा दोन्ही दाखवतात.

प्रश्न : मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरने टेप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतो. दर वेळी विसाव्या मिनिटाच्या आसपास कॅप्चर बंद पडतं. टेप खराब झाल्या असतील का? – वाचक, चिपळूण

उत्तर : टेप खराब असती तर प्रत्येक टेप वेगळ्या जागी अडली असती. तुमची डिस्क एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डीव्ही सेकंदाला सुमारे ३.६ एमबी जागा खातं, त्यामुळे विसाव्या मिनिटाला ४ जीबी भरतात. आतला डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. तासाभराच्या टेपला १३ जीबी धरून चाला. एनटीएफएसवरही दहाव्या मिनिटाला थांबत असेल, तर कॅप्चरचं सॉफ्टवेअरच जुनं आहे आणि एव्हीआय फाइल २ जीबीच्या पुढे लिहू शकत नाही. ते बदला.

प्रश्न : डीव्हीडीच्या मेन्यूत मराठी अक्षरं मोडतात. ‘विवाह’मधली पहिली वेलांटी व-च्या मागे जाऊन बसते, ‘कार्यक्रम’मधला रफार नीट येत नाही. – वाचक, सोलापूर आणि वाचक, मडगाव

उत्तर : कीबोर्डवर आपण आधी ‘व’ टाइप करतो, मग वेलांटी. दाखवताना तिला व-च्या अलीकडे आणायचं काम सॉफ्टवेअरचं असतं. डीव्हीडी बनवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना ते जमत नाही, ती अक्षरं आली त्या क्रमाने मांडत सुटतात. फॉन्ट बदलून फरक पडणार नाही.

मोडलेल्या मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसत असेल, तर दुखणं वेगळं आहे. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. तो नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथेही काला दिसला, तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

पहिल्या दुखण्यावरचा उपाय म्हणजे मेन्यूचं चित्रच बनवणं. इंकस्केप किंवा गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रुंद पडद्यासाठी १०२४ × ५७६ आणि जुन्या ४:३ पडद्यासाठी ७६८ × ५७६ आकाराचं पान घ्या. ही मापं पालची आहेत. पाल डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ मध्येच साठतं, पण तिथले पिक्सेल चौरस नसतात. तुम्ही ७२० वरच काढलंत, तर रुंद पडद्यावर अक्षरं आडवी ताणली जातील. हे पान पीएनजी म्हणून काढा, मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून लावा आणि ‘मंगलाष्टकं’, ‘सप्तपदी’ अशा नावांवर मजकूर नसलेली पारदर्शक बटणं ठेवा.

शिरोरेषेकडे मात्र लक्ष द्या. पाल डीव्हीडीचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत दाखवलं जातं. शिरोरेषा एकाच ओळीएवढी बारीक असेल, तर ती दोनांपैकी एकाच भागात सापडते आणि सेकंदाला २५ वेळा उघडझाप करते. जुन्या टीव्हीवर सगळं नाव थरथरताना दिसतं. रोमन अक्षरांत असं एखाद्या आडव्या रेघेचं होतं, आपल्याकडे अख्ख्या शब्दाच्या डोक्यावर ती रेघ आहे. म्हणून ठसठशीत वळणाचा फॉन्ट घ्या आणि शिरोरेषा निदान तीन पिक्सेल जाड राहील एवढा आकार ठेवा. चारही कडांना दहा-दहा टक्के जागा सोडा, जुने टीव्ही कडा खातात.

प्रश्न : ३०० फोटोंचा स्लाइड शो बनवताना सॉफ्टवेअर दर वेळी १४ टक्क्यांवर बंद पडतं. – वाचक, नाशिक

उत्तर : फोटो मूळ आकारातच टाकले असतील. जेपेग फाइल ४ एमबीची दिसली, तरी मेमरीत ती उलगडते. ४००० × ३००० चा फोटो पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतो. ३२-बिट सॉफ्टवेअरला सहसा २ जीबीच मेमरी वापरता येते, त्यात असे चाळीसच फोटो कसेबसे बसतात. तीनशेचे १४ टक्के म्हणजे बेचाळीस. सगळे फोटो आधी १९२० पिक्सेल रुंदीला आणा. डीव्हीडीवर त्याहून जास्त काही दिसत नाहीच.

तरीही अडलं, तर फोल्डरची नावं बघा. ‘ताईचं लग्न’ असं मराठी नाव जुन्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. प्रोजेक्टपुरती नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवा.

प्रश्न : तीन तासांचं लग्न एका डिस्कवर बसवायचं आहे. सॉफ्टवेअर ‘जागा अपुरी’ म्हणतं. – वाचक, इंदूर

उत्तर : ६०० ला मिनिटांनी भागा, सेकंदाला किती मेगाबिट परवडतात ते कळतं. १८० मिनिटांना ३.३ येतात. आवाज पीसीएममध्ये (न दाबलेला) असेल, तर त्यातले १.५ तोच खातो. तो दाबून एसी-३ मध्ये १९२ किलोबिटवर आणा, चित्राला ३.१ उरतील. एवढ्यात डिस्क बनेल, पण अक्षता पडताना आणि वरातीतल्या नाचात चौकोन चौकोन दिसतील. दोन डिस्क करा. ९० मिनिटांना ६.६ मिळतात आणि चित्र छान येतं. उलट तासाभराच्या फिल्मला १० येतात म्हणून ते सगळे देऊ नका. चित्राला ८ वर थांबा, घरी बर्न केलेली डिस्क त्यापुढे काही प्लेअरना झेपत नाही.

आणि डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असताना विंडोज ४.३८ दाखवतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

प्रश्न : डिस्क कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर नाही. दुसरी एक चालते, पण सव्वा तासानंतर अडकते. – वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिली डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडा. व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइली दिसायला हव्यात. नुसती एमपी-४ फाइल असेल, तर तुम्ही डेटा डिस्क बनवली आहे आणि साधा प्लेअर ती ओळखणार नाही. फोल्डर असूनही चालत नसेल, तर डिस्क फायनलाइझ (लिहून झाल्यावर बंद) केली होती का ते बघा.

दुसरीचं दुखणं बाहेरच्या कडेला आहे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून फिल्मचा शेवट कडेजवळ येतो. हलक्या डिस्कवर सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. वर कागदी लेबल चिकटवलं असेल तर काढायला जाऊ नका, डिस्क खराब होऊ शकते. नवी बर्न करा, लेबलऐवजी डिस्कसाठीचं मार्कर पेन वापरा. १६ एक्सची डिस्क ८ एक्सवर लिहा आणि ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. त्याआधी डीव्हीडी फोल्डर म्हणून हार्ड डिस्कवर बनवून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये शेवटची दहा मिनिटं बघून घ्या. तिथेही अडकली, तर दोष फाइलमध्ये आहे आणि डिस्का बदलून पैसे जातील.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या मुलीला लग्नाची डीव्हीडी पाठवली, तिथे चालत नाही. रीजन कोडमुळे का? – वाचक, पुणे

उत्तर : रीजन कोड म्हणजे डिस्क ठरावीक देशांतच चालावी यासाठीचं बंधन. घरच्या डिस्कवर सहसा ते नसतं. तुमची डिस्क पाल आहे आणि तिकडचे बरेच प्लेअर फक्त एनटीएससी वाचतात. ती कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालेल. टीव्हीवरच बघायची असेल, तर एच.२६४ ची एमपी-४ फाइल करून पेनड्राइव्हवर द्या. ती बनवताना डीइंटरलेस करून (एकाआड एक ओळींचे भाग पूर्ण चित्रांत बदलून) फ्रेमरेट ५० ठेवा, नाहीतर हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतील.