गर्भपात, गर्भपातन आणि हरवलेला ‘न’

प्रश्न असा आला आहे : गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना फलित बीज गर्भाशयात रुजण्याआधीच निघून गेलं, तर त्याला ‘गर्भपात’ म्हणावं की ‘गर्भस्राव’?

दोन्ही नाही. ‘गर्भस्राव’ हे गर्भपाताचं सोज्वळ नाव आहे, असं सांगणाऱ्यांनी एकदा सुश्रुत उघडावा. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव. गर्भाचं शरीर घट्ट झाल्यावर, पाचव्या-सहाव्यात, पात. स्रु म्हणजे वाहणे, पत् म्हणजे पडणे. पातळ ते वाहतं, घट्ट ते पडतं. किती नेमकं!

पण खरी मौज पुढे आहे. ‘पात’ म्हणजे पडणं. पाडणं म्हणजे ‘पातन’. संस्कृतात गर्भपात वेगळा, गर्भपातन वेगळं. जसं आपलं ‘पडला’ आणि ‘पाडला’. फरक एका कान्याचा, पण कर्ता त्या कान्यात उभा असतो. आपण तो ‘न’ वाटेत टाकला आणि एकच ‘गर्भपात’ दोन्हीकडे वापरू लागलो. दुसऱ्या महिन्यात मूल गमावलेल्या माझ्या मैत्रिणीला शेजारणीने विचारलं, “गर्भपात केलास का गं?” ती आठवडाभर रडत होती. ‘रूढ झालं ते बरोबर’ म्हणणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे ते इथे. गोठ्यातली मराठी मात्र शाबूत आहे : ‘म्हैस गाभडली.’ गर्भाचं गाभ, गाभावरून गाभडणे. क्रियापद अकर्मक, ठपका कुणावरच नाही.

बरं, गोळी. ती मुख्यतः बीज सुटूच देत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट करते. अस्तर पातळ होऊन कधी रुजणंही अडतं का, यावर सगळा वाद. फलनापासूनच मानवी जीव म्हणून मान द्या, असं कॅथलिक चर्च सांगतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९६५ मध्ये ‘रुजणं म्हणजे गर्भधारणा’ अशी व्याख्या केली. ती सोयीसाठी बदलली, हा विरोधकांचा आक्षेप आजही आहे. मराठीला तशी व्याख्या करावीच लागली नसती. धारणा धृ धातूची, म्हणजे धरून ठेवणं. आणि आपण म्हणतो ‘गर्भ राहिला’. जो राहिलाच नाही तो पडेल कसा?

नैतिक प्रश्न याने सुटत नाही, हे मला मान्य आहे. फलित बीजाला जीव मानणाऱ्यांनी ‘फलित बीजाचा नाश’ असं सरळ म्हणावं आणि त्यावर वाद घालावा. ‘गर्भपात’ त्यासाठी वापरू नये.