वाचकांचे प्रश्न : गुन्हेशास्त्र शिकून पुढे काय?

प्रश्न : मी समाजशास्त्र घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला गुन्हेशास्त्रात एम. ए. करण्याची इच्छा आहे. परंतु वडिलांचे म्हणणे असे की, शेवटी पोलीस भरतीच द्यायची असेल तर त्यासाठी आणखी दोन वर्षे कशाला घालवायची? कृपया मार्गदर्शन करावे. — एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या वडिलांच्या शंकेत तथ्य आहे. पोलीस उपनिरीक्षक पदासाठीच्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे खाकी वर्दी हेच उद्दिष्ट असेल, तर एम. ए.साठी थांबण्यापेक्षा परीक्षेची आणि मैदानी चाचणीची तयारी आताच सुरू करणे शहाणपणाचे ठरेल. न्यायाधीश किंवा सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) व्हायचे असेल तर कायद्याची पदवी हवीच, आणि दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली आहे.

मात्र समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला साजेसे काम या व्यवस्थेत अन्यत्र आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक न्यायाधीन बंदी होते, म्हणजे त्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नव्हता. यांपैकी काहींना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, काहींच्या घरी ते कोठे आहेत हेच ठाऊक नसते. कुटुंबाशी संपर्क साधणे, कागदपत्रे जमवणे, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलापर्यंत प्रकरण नेणे आणि सुटकेनंतर काम व निवारा शोधून देणे, ही कामे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते करतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करत आला आहे. याच संस्थेत समाजकार्याच्या एम. ए.मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाचा अभ्यास करता येतो, आणि वर्गातील शिक्षणाइतकेच तेथे क्षेत्रकार्यालाही, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन करायच्या कामालाही, महत्त्व असते. केवळ पुस्तकी गुन्हेशास्त्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा, माझ्या मते, तुम्ही असाच अभ्यासक्रम निवडावा.

दुसरी वाट परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची). विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला, बाल न्याय मंडळापुढे आणले जाते, तेव्हा त्याचे घर, शाळा, संगत आणि परिस्थिती यांचा सामाजिक तपासणी अहवाल या अधिकाऱ्याने द्यायचा असतो. अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची तरतूद करणाऱ्या १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाखाली प्रौढ अपराध्यांबाबतही न्यायालय असा अहवाल मागवू शकते. अहवाल नीट लिहिला गेला की मंडळापुढे केवळ आरोप न राहता एक मूल उभे राहते. तथापि जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अनेक पदे कंत्राटी असतात आणि कामाच्या मानाने मानधन तुटपुंजे असते. हे घरी आधीच स्पष्टपणे सांगा, म्हणजे पुढे वाद होणार नाहीत. अध्यापनाची आवड असेल, तर गुन्हेशास्त्र हा ‘नेट’ या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. दूरचित्रवाणीवरील मालिका पाहून तिला ‘फॉरेन्सिक’ला जायचे आहे. त्यात भवितव्य आहे का? — एक पालक, नांदेड

उत्तर : मागणी वाढणार हे नक्की. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावयाचे आहेत, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल गोव्यातही आहे.

परंतु मालिकेतील अधिकारी संशयितांना गाठून प्रश्न विचारतो, तर प्रयोगशाळेतला तज्ज्ञ बहुतेक वेळ रक्त, विष किंवा मद्यार्काचे नमुने तपासण्यात आणि अहवाल लिहिण्यात घालवतो, आणि पुढे कधीतरी उलटतपासणीला उभा राहतो. तिला रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक मनापासून आवडते का, हे आधी विचारा. प्रवेश घेण्यापूर्वी न्यायसहायक प्रयोगशाळांच्या मागील काही वर्षांच्या भरतीच्या जाहिराती काढून, प्रत्येक पदासाठी नेमकी कोणती पदवी मागितली होती, तेही पाहून घ्या. रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या पदवीधरांनाही अशी पदे खुली असतात.