सगळ्यांना जमतं, मलाच का जमत नाही?

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत एक वाक्य माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतं. बोलणारे वेगळे, त्यांची वयं वेगळी, वाक्य तेच: "सगळ्यांना जमतं, मलाच का जमत नाही?" विषय मोबाइलचा असतो, ॲपचा असतो, ऑनलाइन अर्जाचा असतो, माणूस मात्र स्वतःच्या लायकीबद्दल बोलत असतो. बँक, दवाखाना, वीजबिल, मुलांची शाळा, सरकारी कामं, एकेक करत सगळं स्क्रीनच्या पलीकडे गेलं आणि अलीकडे उभी असलेली चांगली कर्ती माणसं स्वतःला मठ्ठ समजू लागली. मला याची मनापासून काळजी वाटते, म्हणून एक अनुभव सविस्तर लिहिते आहे. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांना विचारूनच लिहिते, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या निवृत्त गणित शिक्षिका. विद्यार्थी त्यांना बाई म्हणायचे, मीही इथे बाईच म्हणते. साठी उलटलेली, बोलणं मोजकं आणि नेमकं. "मला विसरायचा आजार जडतोय," त्या म्हणाल्या. "मुलाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्ही बघा."

काय विसरता, असं विचारलं. पासवर्ड. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून बॉक्समध्ये टाकेपर्यंत आकडे मागेपुढे होतात. काल मुलाने दाखवलेलं आज आठवत नाही. बँकेच्या ॲपमध्ये तीनदा चुकीचा पासवर्ड पडला आणि खातं बंद झालं. ते उघडण्यासाठी ओळख पडताळणीचा अर्ज भरला, तर "माहिती जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा" एवढंच उत्तर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. आता मेसेजचा आवाज आला तरी छातीत धडधडतं, असं त्यांनी सांगितलं.

मग बाकीचं विचारलं. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळायला होतं का? एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता, असं घरचे म्हणतात का? वस्तू भलत्याच जागी सापडतात का? रोजचा हिशेब चुकतो का? सगळ्याला नाही. उलट शेजारच्या मुलीला त्या वर्गसमीकरणं शिकवत होत्या, तीही पुस्तक न उघडता. म्हणजे विसरणं एकाच ठिकाणी होतं, स्क्रीनसमोर. तरीही मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ ची कमतरता असली तरी विसरायला होतं, आणि कारण मनाचं दिसतंय म्हणून शरीराची तपासणी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. तपासण्या ठीक आल्या.

मग मी त्यांना त्यांच्याच वर्गात घेऊन गेले. फळ्यापाशी बोलावलं की पाढेही विसरणारी मुलं तुम्ही पाहिली असतील ना? "कितीतरी," बाई म्हणाल्या. "जागेवर बसून बरोबर सोडवायची." २००१ साली मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यरत स्मृती, म्हणजे हाताशी असलेलं काम करताना मेंदू जी माहिती तात्पुरती धरून ठेवतो ती, धास्तीच खाऊन टाकते. अक्कल तेवढीच असते, तिला वावरायला जागा उरत नाही. आणि ही जागा मुळातच लहान. नेल्सन कोवन यांच्या मांडणीनुसार प्रौढ माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी अशा धरून ठेवू शकतो. आता सहा आकडी ओटीपी, मागे सरकणारं घड्याळ, "चुकलं तर?" ही भीती आणि "मुलगा काय म्हणेल?" ही दुसरी भीती, एवढं सगळं त्या जागेत कोंबा. आकडे मागेपुढे होणारच.

बाई ऐकत होत्या, पण पटलं नव्हतं. "पण चूक तर माझीच झाली ना? उत्तर चुकलं म्हणूनच खातं बंद झालं."

इथे मी जरा थांबले, कारण या समजुतीतच सगळा त्रास साठलेला असतो. वर्गात उत्तर चुकलं तर शिक्षक कुठली पायरी चुकली ते दाखवतो. यंत्रणा तसं करत नाही, आणि त्याला कारणं आहेत. लॉगिनच्या वेळी नाव चुकलं की पासवर्ड, हे मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर चोराला कळेल की असं नाव असलेलं खातं अस्तित्वात आहे. तीन-पाच प्रयत्नांनंतर खातं बंद होतं तेही अंदाज बांधणाऱ्या चोराला अडवायला. म्हणजे तो मोघम संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चोर असतो, आणि वाचावा लागतो बाईंना. अर्जाचं आणखी वेगळं. दोन ठिकाणचं नाव जुळवणारा प्रोग्राम बऱ्याचदा अक्षराला अक्षर लावून पाहतो. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, किंवा शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागा, एवढ्यावरून त्याच्या लेखी माणूस बदलतो.

ही यंत्रणा बनवणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१७ सालीच सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका आणि चिन्ह-आकडा-मोठं अक्षर अशी सक्तीही करू नका, कारण त्याने माणूस थकतो आणि पासवर्ड कच्चेच राहतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सुलभतेच्या नियमांत भर घातली की आत शिरण्यासाठी आठवण्याची किंवा कोडं सोडवण्याची परीक्षा हा एकमेव मार्ग असू नये. जे बाईंना जमत नव्हतं, ते माणसाकडून मागूच नये, असं जाणकारच म्हणत आहेत. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

मी त्यांना ब्रिटनमधल्या टपाल खात्याची हकिकतही सांगितली. तिथे १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली आली. टपाल कार्यालयं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले, कर्जं काढली. पुढच्या काळात ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले आणि काही जण तुरुंगात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्या प्रणालीत दोष होते आणि तुटी त्यातून उद्भवू शकत होत्या, असा निर्णय दिला. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून त्यातल्या बहुतेक शिक्षा रद्द केल्या. माझ्या कामाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. मदतीसाठी फोन केला तेव्हा "अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे" असं सांगण्यात आलं, हे त्यातल्या अनेकांनी पुढे उघडपणे सांगितलं. एकेकटे असताना त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला होता.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "म्हणजे त्यांचा हिशेब बरोबर होता?"

होय, बरोबर होता.

त्यानंतर खरी गोष्ट बाहेर आली. मुलगा चांगला, काळजी घेणारा. आई अडली की म्हणायचा, "दे इकडे," आणि दोन मिनिटांत काम करून फोन परत द्यायचा. हळूहळू सगळे पासवर्ड त्याच्याकडे गेले, ओटीपी त्याला वाचून दाखवायचा, खात्यावरचे व्यवहार तोच पाहायचा. बाई एका जुन्या विद्यार्थिनीच्या शिक्षणासाठी दर महिन्याला थोडी रक्कम देत असत, कुणाला न सांगता. ते देणं थांबलं होतं. मुलाने नाही म्हटलं असतं असं नाही. "पण त्याने 'हे कुणाला?' असं विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पैशाचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागतोय."

बटणं दाबता न येणं हे दुखणं किरकोळ होतं. स्वतःच्या निर्णयावर पडदा ओढायचा हक्क गेला, हे मोठं. डिजिटल साक्षरतेबद्दल बोलताना हे फार कमी बोललं जातं. घरातलं माणूस प्रेमानेच मदत करतं आणि त्या मदतीबरोबर दुसऱ्याची सगळी खासगी कपाटं उघडी पडतात.

आम्ही कामाला लागलो ते एका वहीपासून. मी त्यांना तीन रकाने आखायला सांगितले: परत फिरवता येतं, परत फिरवता येत नाही, आणि माहीत नाही. मोबाइलवर ज्याची म्हणून भीती वाटते ते यात लिहायचं. पहिल्या यादीत "माहीत नाही" हा रकाना पानभर होता आणि भीती तिथेच राहत होती. मग एकेक तपासत गेलो. चुकीचं पान उघडलं? मागे जाता येतं. शिल्लक पाहिली? काहीच बदलत नाही. फॉर्म अर्धवट सोडला? बहुतेक वेळा पुन्हा भरावा लागतो, एवढंच. पासवर्ड चुकला, खातं बंद पडलं? कटकट आहे, पण पैसे कुठे जात नाहीत. पाठवलेले पैसे? हे मात्र दुसऱ्या रकान्यात, कारण चुकीच्या किंवा फसव्या माणसाला गेले तर परत मिळवणं फार अवघड. कुणाला ओटीपी सांगितला? तोही तिथेच. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्वतःची स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं? तेही.

रकाने भरले तशी भीती आपोआप विभागली गेली. पूर्वी ती सगळ्याच बटणांवर सारखी पसरलेली होती, आता ती मोजक्या ठिकाणी गोळा झाली आणि तिथे ती असायलाच हवी. फसवणुकीची भीती घालवणं हे समुपदेशकाचं काम नाही. ती भीती जागच्या जागी बसवायची. त्या दुसऱ्या रकान्यासाठी बाईंनी स्वतःच नियम केला: समोरचा घाई करत असेल तर फोन ठेवायचा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा.

मुलालाही एकदा बोलावलं. तो जरा धास्तावूनच आला होता. मी त्याला एकच गोष्ट मागितली: आईला मदत करताना फोनला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, बोटं आईची चालतील. दहापट वेळ लागेल, तो म्हणाला. लागेलच. पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं ते माझ्या कामात रोज दिसतं. आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पार पाडलेल्या कामातून. समजावण्याने, धीर देण्याने त्याहून कमी येतो. दुसऱ्याने करून दिलेलं काम तर उलटीच साक्ष देतं. "दे इकडे" हे दोन शब्द ऐकणाऱ्याला काय सांगतात, यावर तो बराच वेळ विचार करत बसला. पासवर्ड बदलताना तो खोलीबाहेर थांबेल, हे त्यानेच सुचवलं. विद्यार्थिनीबद्दल मी अर्थातच बोलले नाही.

बाईंनी पासवर्ड पाठ करणं सोडलं. आपल्यापुरत्या अर्थाचे चार-पाच असंबद्ध शब्द जोडून एक लांब वाक्यांश केला आणि तो कागदावर लिहून कपाटात कुलूपबंद ठेवला. कागदावर लिहिणं पाप आहे असं त्यांना वाटत होतं. घरातल्या कुलुपात ठेवलेला कागद दूर बसलेल्या चोराला दिसत नाही, हे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ओटीपी मात्र आधी लिहून घ्यायचा, मग बॉक्समध्ये टाकायचा, वेळ संपला तर शांतपणे नवीन मागवायचा.

पडताळणीचा अर्ज तिसऱ्यांदाही फेटाळला गेला. यावेळी त्या शाखेत गेल्या आणि म्हणाल्या, "काय जुळत नाही ते मला दाखवा." आधी तिथेही त्यांना ॲपवरच करा असं सांगितलं गेलं. त्या उठल्या नाहीत. शेवटी एका कर्मचाऱ्याने दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या: एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे पतीचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे सर्रास होतं. ते माहीत असूनही यंत्रणेने आधी बाईंनाच चुकीचं ठरवलं, याचा मला राग येतो.

माणसाला भेटायची मागणी करणं म्हणजे हट्ट नव्हे. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) कायद्याच्या २२ व्या कलमात ती हक्क म्हणून लिहिलेली आहे: आपल्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला असेल, तर त्यात माणसाने लक्ष घालावं असं म्हणता येतं. सगळीकडे असा कायदा नाही. पण जिथे नाही तिथेही "काय जुळत नाही ते दाखवा" हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. आपलं म्हणणं लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या, चुकीच्या संदेशाचा फोटो काढून ठेवा. संदेश जसाच्या तसा हातात असला की समोरच्याला "तुमचंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून सुटता येत नाही.

तुमच्या घरी कुणी असं अडलं असेल, तर आधी बाकीचं आयुष्य कसं चाललंय ते बघा. रस्ते, हिशेब, माणसं, संभाषण यांतही गोंधळ दिसत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. गोंधळ फक्त स्क्रीनपुरता असेल तर त्यांच्याबरोबर बसा, हात मागे ठेवून. आणि त्यांचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक असेल, तर तो बदलून घ्यायला त्यांना मदत करा.

बाई आजही सगळं करत नाहीत. कराचं विवरणपत्र मुलगाच भरतो, प्रवासाची तिकिटंही तोच काढतो; त्यांना ते शिकायचं नाही आणि शिकायलाच हवं असंही नाही. खातं मात्र त्याच चालवतात. विद्यार्थिनीला दर महिन्याला पैसे जातात, थांबलेल्या महिन्यांचेही गेले.