७० हजारात एडिटिंग बी अन् गेमिंग बी

प्रश्न : नमस्कार दादा, मी सेलूचा, जिल्हा परभणी. लग्नाचे फोटो काढतो, अल्बमचं डिझाईन पण स्वतःच करतो, आतापर्यंत मित्राच्या कॉम्प्युटरवर बसून करायलो होतो पण लग्नसराईच्या आत स्वतःचा लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ७० हजार, लई ओढून ७५. रात्री व्हॅलोरंट अन् जीटीए खेळतो, ते बी चाललं पाहिजे. दुकानदार म्हणतो आय-७ घ्या, मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड बघ बाकी काहीच बघू नको. नेमकं काय बघून घ्यावं? इकडची लाईट अन् उन्हाळा धरून सांगा.

उत्तर : भाऊ, स्क्रीनचं दोघंही बोलले नाहीत अन् तुमची रोजीरोटी तर तिच्यावरच आहे. गेमिंगचे म्हणून जे स्वस्तातले लॅपटॉप येतात त्यात बऱ्याचदा कार्ड तगडं देतात अन् पैसे वाचवतात स्क्रीनमध्ये. माहितीत ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलेलं दिसलं की समजा ही स्क्रीन एसआरजीबीचे, म्हणजे फोटोंसाठी ठरलेल्या रंगसंचाचे, साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवते. तिच्यावर नवरीची पैठणी फिक्की दिसते, मग तुम्ही सॅच्युरेशन वाढवत जाता, अन् लॅबमधून करिझ्मा अल्बम छापून आला की चेहरे लालभडक अन् हळदीचा पिवळा केशरी झालेला, पुन्हा प्रिंट मारायचा खर्च तुमच्याच खिशातून. म्हणून १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय का ते बघा, काही कंपन्या तेच ७२ टक्के एनटीएससी असं लिहितात, जवळपास एकच गोष्ट आहे. पॅनल आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही असं) पाहिजे, ब्राइटनेस ३०० निट्स असला तर उत्तम. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी स्क्रीन, गेमला छान वाटते पण त्याचा रंगाशी काही संबंध नाही, दुकानात त्याच आकड्यावर भुलवतात. अन् एक, एडिटिंग करताना ब्राइटनेस फुल ठेवू नका, नाहीतर स्क्रीनवर उजळ दिसलेला फोटो छापल्यावर काळपट येतो, नाईट लाईट (स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग) पण बंदच पाहिजे.

आता रॅम. १६ जीबीच्या खाली घेऊच नका, अल्बमची पानं म्हणजे दोन-दोन फूट रुंद फाईल, त्यात दहा-वीस लेयर, ८ जीबीत फोटोशॉप रडतं. बजेटमध्ये १६ वाला बसत नसेल तर ८ वाला चालेल पण रिकामा स्लॉट असला तरच, पुढं एक पट्टी टाकता येते, अन् दोन पट्ट्या झाल्या की गेमला बी वेग मिळतो. एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती रॅम बहुतेक बोर्डालाच चिकटलेली असते, तिथं १६ पेक्षा कमी असेल तर सरळ सोडून द्या. एसएसडीला, म्हणजे फाईल साठवायच्या डिस्कला, पण दुसरा स्लॉट आहे का विचारा. २४ मेगापिक्सलची एक रॉ फाईल २५-३० एमबीची, एका लग्नाचे दोन हजार फोटो म्हणजे ५०-६० जीबी, अन् जीटीए एकटाच १०० जीबीच्या आसपास जागा खातो, ५१२ जीबीची एसएसडी कधी भरली कळत नाही. झालेलं काम बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका, अन् पार्टीला अल्बम देईपर्यंत दोन ठिकाणी ठेवा.

तुमचा मित्र कार्डाबद्दल चूक नाही बोलला. व्हॅलोरंट हलका गेम आहे, कशावरही पळतो, जीटीएला आरटीएक्स ३०५० कार्ड पुरतं. फक्त ३०५० मध्ये कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे ४ जीबी अन् ६ जीबी असे दोन प्रकार येतात, ६ वाला घ्या, ४०५० बजेटमध्ये बसला तर आणखी चांगलं, लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं) कार्डावरच चालतं, रात्रीच्या वरातीतले फोटो साफ करताना फरक कळेल. पण कार्डाचं नाव एक असलं तरी ताकद एक नसते! ४०५० कुणाच्या लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं तर कुणाच्या ११५ वॅटवर, दुकानदाराला टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) किती असं विचारा, त्याला सांगता नाही आलं तर कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून बघा. आय-७ साठी जास्तीचे पैसे घालू नका, आय-५ नाहीतर रायझन ५ मधला एच वाला (नावाच्या शेवटी एच असलेला) प्रोसेसर पुष्कळ झाला, कमी ताकदीचा यू वाला नको. वाचलेला पैसा स्क्रीनला लावा.

लाईटीचं म्हणाल तर लॅपटॉप घेताय हेच बरं, लाईट गेली तरी काम जात नाही. गेम मात्र बॅटरीवर ढेपाळतो, कारण बॅटरी कार्डाला तेवढी पॉवर देतच नाही, तो काही बिघाड नसतो. मे महिन्यात तुमच्याकडं पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा अगदी पातळ, स्टाईलचा लॅपटॉप घेऊ नका, जरा जाड, दोन पंख्यांचा घ्या, कडक टेबलावर ठेवा, गादीवर ठेवला की खालची हवा बंद. कूलरच्या तोंडासमोर पण ठेवू नका, ती हवा ओली असते. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या.

घेण्याआधी सेलूच्या पिनकोडवर ऑनसाइट सर्व्हिस मिळते का ते कंपनीला विचारा, नाहीतर ऐन सिझनमध्ये लॅपटॉप घेऊन संभाजीनगरला चकरा. जीएसटी नंबर काढलेला असेल तर बिलावर टाकून घ्या, लॅपटॉपवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

प्रश्न : माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे, आय-५, ८ जीबी, साधी हार्डडिस्क. लाइटरूम उघडायलाच लई वेळ लावतो. गेम खेळत नाही. विकून नवा घ्यावा का? (उदगीर)

उत्तर : ताई, एवढ्यात विकू नका. हार्डडिस्क काढून तिथं अडीच इंची साटा एसएसडी बसवा, स्लॉट असेल तर रॅम १६ करा, बहुतेक तेवढ्यात काम भागतं, नव्याच्या मानानं खर्च काहीच नाही. रंगासाठी २४ इंची आयपीएस मॉनिटर एचडीएमआयनं जोडला की लॅपटॉपची स्क्रीन कशीही असो. पण आधी प्रोसेसर कितव्या जनरेशनचा आहे ते बघा, आठव्याच्या आधीचा असेल तर विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चालत नाही, अन् विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलाय. तसं असेल तर मॉनिटर अन् एसएसडीच आधी घ्या, मॉनिटर पुढच्या मशीनला बी चालेल, एसएसडी आत नाही बसली तर यूएसबी केसमध्ये घालून बाहेरून वापरता येईल, रॅमवर मात्र पैसा घालू नका.