अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय महिला वकिलांपैकी तुम्हाला सर्वांत मोठं कोण वाटतं?

कॉन्स्टन्स बेकर मोटली. पहिल्या म्हणाल तर त्या नव्हेत. तो मान शार्लट रे यांचा, १८७२ साली वॉशिंग्टनमध्ये सनद मिळवणाऱ्या. पण मी स्वतः दिवाणी कोर्टात वकिली करते, त्यामुळे माझं मत थोडं धंद्याच्या अंगाने आहे. दावा कच्चा लिहिला असेल तर पुढे कितीही बडा वकील उभा करा, काही उपयोग नसतो. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याचा मूळ दावा मोटलींनी लिहिला होता. नाव मात्र सगळीकडे थर्गुड मार्शल यांचं येतं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले लढणाऱ्या वकिलांच्या गटाच्या प्रमुखांचं.

जन्म १९२१, न्यू हेवन. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, बारा भावंडं, वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबात स्वयंपाकी. कॉलेजला पैसे नव्हते. एका सभेत त्यांचं बोलणं ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या कंत्राटदाराने शिक्षणाचा खर्च उचलला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, तेव्हा त्या मार्शल यांच्या हाताखाली कामाला लागलेल्याही होत्या.

जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला दक्षिणेतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश हवा होता. हे काम मार्शल यांनी मोटलींकडेच दिलं. त्यांचा तर्क काय, तर दक्षिणेतले गोरे काळ्या दायांच्या हाताखाली वाढलेले, म्हणून काळ्या बाईला तिथे पुरुषापेक्षा धोका कमी! दावा मे १९६१ चा, मेरेडिथचा प्रवेश ऑक्टोबर १९६२ चा. मधले सोळा महिने न्यूयॉर्क ते मिसिसिपी खेपा. तिथली वर्तमानपत्रं त्यांना ‘ती मोटली बाई’ म्हणायची. आपल्याकडे नावापुढे बाई लावलं की मान असतो. तिथे ‘मिसेस’ म्हणायचं टाळण्यासाठीची ही युक्ती होती.

१९६६ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयावर नेमायचं ठरवलं. अशा नेमणुका तपासणाऱ्या सिनेटच्या समितीचे अध्यक्ष ईस्टलंड, वर्णभेदाचे समर्थक आणि तेही मिसिसिपीचेच. सात महिने अडवून ठेवलं. तरी ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि मोटली पहिल्या कृष्णवर्णीय महिला संघीय न्यायाधीश झाल्या. (मधल्या काळात न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटची सदस्यता आणि शहरातल्या मॅनहॅटन या विभागाचं अध्यक्षपदही झालं, ते मी सोडून देते.)

मला त्यांचा सगळ्यात आवडणारा निकाल १९७५ चा. एका महिला वकिलाने न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली फर्मवर स्त्री म्हणून भेदभाव केल्याचा दावा लावला होता. फर्मने अर्ज केला की न्यायाधीश स्वतः काळ्या, बाई, आणि आयुष्यभर असल्याच केसेस लढलेल्या, तेव्हा त्यांनी बाजूला व्हावं. मोटलींनी लिहिलं, वंश आणि लिंग हेच कारण धरलं तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही, कारण दोन्ही गोष्टी प्रत्येकालाच आहेत. अर्ज फेटाळला. आमच्याकडे असा अर्ज आला की पानंच्या पानं युक्तिवाद होतात, इथे एका वाक्यात काम झालं.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा प्रकरणं लढवली, नऊ जिंकली. हरलेलं एकच, १९६५ चं स्वेन: सरकारी वकील ज्यूरीतून काळ्या लोकांना वेचून बाहेर काढतात, याविरुद्धचं. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने आपली ती भूमिका बदलली. मोटली तेव्हा न्यायाधीश होत्या.