जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू का? हिशेबाचं टॅली रोज लागतं.

टॅली रोजचं असेल तर पूर्ण शिफ्ट होऊ नका, विंडोज ठेवून शेजारी मिंट टाका, म्हणजे ड्युअल बूट, लॅपटॉप चालू करताना दोन्हीतलं हवं ते निवडायचं, मी पण तेच करतो. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं, वाइन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, लावून चालवतात काही लोक पण जीएसटी भरायच्या दिवशी ती कटकट कोणाला हवीय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे बँकिंग, मेल, ब्राउझिंग सगळं मिंटमध्ये करा. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही. फक्त श्रीलिपीतल्या (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या) जुन्या फायली असतील तर त्या विंडोजमध्येच युनिकोड करून घ्या, नाहीतर तिकडे नुसती खिचडी दिसेल. आणि पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटणीला, हात लावायच्या आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर.