रोडकिंगला स्पोकची चाकं: आधी कार्ड, मग रिम

प्रश्न (सातारा): वडिलांची 1984ची येझदी रोडकिंग माझ्याकडे आहे. मागे कधीतरी तिला अलॉय बसवले होते. आता मूळची स्पोकची चाकं परत घालायची आहेत. क्रोम रिम, स्टीलचे स्पोक, हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) काम, टायर-ट्यूब धरून मेकॅनिक 38,000 सांगतोय. पगार हातात 46,000, घरखर्च 36,000. क्रेडिट कार्डावर 60,000 थकलेत, महिन्याला 6,000 भरतो. एफडी 1,20,000ची आहे. चाकं कार्डावर ईएमआयने घेऊ की एफडी मोडू? विकताना पैसे वसूल होतील का?

उत्तर: वसुलीचा विचार सोडून द्या. वडिलांची गाडी तुम्ही विकणार नाही, हे पत्रातच दिसतंय. हा हौसेचा खर्च आहे, आणि माझ्या मते करण्यासारखा आहे. फक्त आज नको.

कार्डावर व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर 60,000 वर 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे तुमच्या 6,000 पैकी जवळपास 2,500 नुसत्या व्याजात जातात. तेवढेच 60,000 एफडीत 7 टक्क्यांनी महिन्याला 350 कमावतात. तेव्हा एफडी मोडाच, पण कार्ड फेडायला. मुदतीआधी मोडल्याचा दंड या फरकापुढे किरकोळ आहे.

मग हातात 60,000 उरतील. तो दोन महिन्यांचाही घरखर्च नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही. सुटलेल्या 6,000 पैकी निम्मे परत एफडीकडे, निम्मे चाकांच्या आरडीत. तेरा महिन्यांत 38,000 जमतात.

मधल्या काळात एक काम उरकून घ्या. जुने हब माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये पडलेत का ते शोधा. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे मूळ हब म्हणजे जुन्या मालातून किंवा दुसऱ्या गाडीवरून मिळवायचा. रिम आणि स्पोक नवे मिळतात, खरा पैसा हबमध्येच अडकतो. हब सापडले तर ब्रेकचा ड्रम आतून ओव्हल (लांबट) झालाय का, बेअरिंगची जागा ढिली आहे का, हे लेथवाल्याकडून पाहून घ्या आणि मगच मेकॅनिककडे नवा हिशेब मागा. 38,000 चा आकडा बराच खाली येऊ शकतो.

स्पोक ओढून आउट काढणारा, म्हणजे चाकाचा डगमग घालवणारा माणूस मात्र स्वस्तातला बघू नका. चाक तयार झालं की पान्याने एकेक स्पोक हलकेच ठोकून ऐका: ताणलेला खणखणतो, ढिला बद्द वाजतो. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा ताणून घ्यावे लागतात. ती मजुरी आधीच ठरवा. साताऱ्याच्या पावसात क्रोमला गंज धरतो, त्याचीही दरवर्षी थोडी तरतूद हवी.

कागदांचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल अडचणीचे ठरतात. तुम्ही उलट मूळ रूपाकडे चाललात, हे चांगलं आहे. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. तुमची गाडी 2034 मध्ये त्या वयाची होईल. पण त्या नोंदणीवर रोज गाडी चालवता येत नाही, तेव्हा घाई नको.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चाकं चोरीला गेल्यास काहीच मिळणार नाही. इतक्या जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनीशी बोलून ठरते, म्हणून नूतनीकरणाआधी चाकांची पक्की बिलं आणि फोटो दाखवून रक्कम ठरवून घ्या.